रस्त्याचा हक्क

मुंबईहून कोकणात उतरणारा रस्ता पनवेलजवळ पळस्पे फाट्याला पुण्याच्या रस्त्यापासून वेगळा होतो. कर्नाळ्याचा सुळका दिसला की कोकणातल्या माणसाला घर जवळ आल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात घर अजून पाच-सहा तासांवर असते. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, इंदापूर, माणगाव, लोणेरे, महाड, पोलादपूर ही नावे आमच्या मुलांना पाढ्यांसारखी पाठ आहेत. पाताळगंगा, अंबा, कुंडलिका, सावित्री आणि शेवटी खेडची जगबुडी, अशा एकामागून एक नद्या ओलांडल्या की भरणे नाका येतो. तिथून आमचे खाडीकाठचे गाव अर्ध्या तासावर.

पूर्वी हा राष्ट्रीय महामार्ग १७ होता, आता त्याचा क्रमांक ६६ झाला. २०११ साली पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण सुरू झाले. तेव्हा जन्मलेली मुले दहावीपर्यंत पोहोचली, तरी या महामार्गावरचे 'काम चालू'चे फलक हटलेले नाहीत. कुठे गुळगुळीत चार पदर, कुठे अचानक पत्र्याचा अडथळा आणि एका बाजूला वळवलेली वाहतूक. समोरून येणारा आपल्याच पदरात आहे की चुकून आला आहे, हे रात्री दिव्यांच्या झोतात कळत नाही.

या रस्त्याबद्दल तक्रार केली नाही असा कोकणी माणूस सापडणार नाही. ठेकेदाराबद्दल तक्रार, खड्ड्यांबद्दल तक्रार, पुढाऱ्यांबद्दल तक्रार. पण याच रस्त्यावर एखादा बेफाम गाडी हाकत असेल, तर त्याची तक्रार करायला मात्र आपली जीभ उचलत नाही. रस्ता वाईट असणे आणि चालवणारा वाईट चालवत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीच्या आड दुसरी लपते. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत महाराष्ट्रातली १५ हजारांहून अधिक होती, आणि देशभरातल्या दर दहा मृत्यूंमागे सुमारे सात वेगमर्यादा ओलांडल्यामुळे झाले होते. खड्ड्यात गाडी जोरात जात नाही. जोर चांगल्या रस्त्यावर येतो, आणि तो पाय दाबून आणावा लागतो.

मागच्या मे महिन्यात भाचीच्या निकाहसाठी आम्ही दोघे गावी निघालो. मुंब्रा-कौशाहून कोकणातल्या गावांसाठी खासगी गाड्या सुटतात. रेल्वेचे आरक्षण महिनोन्महिने आधी संपलेले असते आणि एसटीला हंगामात उभे राहायलाही जागा नसते. म्हणून आपली माणसे या गाड्यांनी जातात. सतरा आसनांची गाडी, टपावर सामान, मागच्या सीटखाली आहेराची भांडी. रात्री दहाला निघायचे आणि फजरच्या सुमारास दारात उतरायचे, अशी ही सोय. चालक बहुतेक आपल्याच तालुक्यातला पोरगा असतो. कुणाच्या मामेभावाचा मेहुणा, कुणाच्या शेजारणीचा धाकटा. त्या रात्रीचा चालकही शेजारच्या गावचा होता. त्याच्या आईला आम्ही ओळखत होतो.

पेण मागे पडेपर्यंत काही विशेष नव्हते. वडखळनंतर त्याच्या हातात मोबाइल आला. एका हाताने चाक, दुसऱ्या हाताने बोलणे. नागोठण्याच्या पुढे त्याने एका ट्रकला डावीकडून मागे टाकले. कोलाडच्या अलीकडे वाहतूक एका बाजूला वळवली होती तिथे समोरून दिवे येत असतानाही तो रांग सोडून पुढे घुसला. ब्रेक लागला आणि आहेराची भांडी खणखणत पुढे आली. एका बाळाच्या रडण्याने गाडी जागी झाली.

गाडी जागी झाली, पण गप्पच राहिली. पुढच्या सीटवरच्या खालांनी तसबीह बाहेर काढली. एक गृहस्थ म्हणाले, "रोजचा आहे तो या रस्त्याचा, हात बसलाय त्याचा." दुसरे म्हणाले, "नशिबात असेल तसं होईल." तिसऱ्याने मोबाइल वर धरून चित्रीकरण सुरू केले आणि ते गावाच्या ग्रुपवर टाकले. पाच मिनिटांत त्यावर हसणारे चेहरे आले, दोन-चार दुआ आल्या आणि कुणीतरी विचारले, "कोणाचा रे हा पोरगा?" गाडी मात्र त्याच वेगाने पुढे जात होती.

माणगावला दोनच्या सुमारास चहासाठी गाडी थांबली. आम्ही त्याच्याजवळ जाऊन बसलो. आधी सलाम, मग चहा, मग विषय. पोरगा उद्धट नव्हता. डोळे लाल होते. तो म्हणाला, "चाचा, काल रात्री खेडवरून हीच गाडी घेऊन आलो. दिवसभर पार्सलं पोचवली. संध्याकाळी तासभर पाठ टेकली. मालकाला म्हटलं दुसरा माणूस द्या. तर म्हणाले, तुला जमत नसेल तर सांग, रांगेत दहा जण उभे आहेत." मग हसून म्हणाला, "फोनवर बोलत राहिलो की झोप येत नाही."

हे ऐकल्यावर त्याच्यावरचा राग गेला, पण भीती वाढली. फोन हा त्याचा मस्तवालपणा नव्हता. फोन म्हणजे त्याची झोप थोपवणारी काठी होती. आम्ही म्हणालो, "तासभर झोप काढ. आम्ही सगळे थांबतो." गाडीतल्या दोघा-तिघांनी लगेच घड्याळ दाखवले. सकाळी हळद होती, कुणाला जनाजा गाठायचा होता. पोरगा उठला, तोंडावर पाणी मारले आणि चावी फिरवली.

लोणेऱ्याच्या पुढे समोरून एसटी येत होती. आमची गाडी तिच्या पदरात होती. एसटीवाल्याने खडीत गाडी उतरवली म्हणून दोन्ही गाड्या वाचल्या. आपल्या चालकाने ब्रेक लावला नव्हता, कारण त्याला ती एसटी दिसलीच नव्हती. तिचा हॉर्न ऐकून तो दचकला.

तेव्हा आमच्यापैकी एकाने ११२ लावला.

फोन छोटा होता. गाडीचा नंबर, गाडीचा प्रकार, लोणेरे ओलांडून महाडकडे चाललो आहोत, गाडीत चौदा प्रवासी, चालकाला झोप लागते आहे, तो काल रात्रीपासून गाडीवर आहे. पलीकडून दोन प्रश्न आले आणि "गाडी पुढे थांबवतो" एवढे उत्तर आले. नंबर आम्हाला पाठ होता, कारण माणगावला चहा घेताना तो आमच्या समोरच होता.

गाडीत ते ऐकू गेलेच. जे इतका वेळ गप्प होते ते आता बोलू लागले. रागवले ते चालकावर नव्हे, आमच्यावर. "गरिबाच्या पोटावर पाय आणलात." "आपल्याच माणसाला पोलिसांत देताय?" "पोलीस येऊन काय करणार, घेतील आणि सोडतील." "वेळेवर पोचलो असतो, आता सकाळ इथेच." तसबीहवाल्या खाला तेवढ्या म्हणाल्या, "मी दुआ करत होते की कोणीतरी बोलावं."

महाड गेले. महाड आणि पोलादपूरच्या मध्ये सावित्रीचा पूल लागतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, नदीला पूर असताना, इथला ब्रिटिश काळातला दगडी पूल वाहून गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी आणि काही छोटी वाहने अंधारात थेट पात्रात गेली. त्या वेळी वर्तमानपत्रांत आले होते की जवळच्या गॅरेजमधल्या एका कामगाराला गाड्यांचे दिवे पुलावर जाताच नाहीसे होताना दिसले. तो रस्त्यावर धावला, मागून येणाऱ्या गाड्या अडवल्या आणि पोलिसांना कळवले गेले. त्याला कोणी कामाला लावले नव्हते. त्याने पाहिले, आणि पाहिलेले योग्य ठिकाणी सांगितले. त्या रात्री वाचलेल्या कित्येक माणसांना आपण वाचलो हे कदाचित आजही ठाऊक नसेल. नवा पूल वर्षभराच्या आत उभा राहिला. आता त्याच्यावरून जाताना पाणी दिसतही नाही.

पूल ओलांडल्यावर, पोलादपूरच्या अलीकडे, निळे दिवे दिसले. हवालदाराने हात केला. चालकाला खाली उतरवून श्वासाची तपासणी केली. तो प्यायलेला नव्हता, हे आम्हाला माहीत होतेच. मग त्यांनी त्याला चार प्रश्न विचारले आणि चौथ्याचे उत्तर देताना तो उभ्या उभ्या डुलला. चलान झाले, आणि दुसरा चालक आल्याशिवाय गाडी हलणार नाही असे मालकाला फोनवर सांगण्यात आले. हवालदाराने आम्हाला विचारले, "तुम्हाला काही लिहून द्यायचंय?" आम्ही लिहून दिले. त्यात चालकाचा वेग होता, मोबाइल होता, चुकीचा पदर होता. आणि सगळ्यात वर हे होते की या माणसाला सलग दुसऱ्या रात्री गाडीवर बसवले गेले आहे, आणि त्याने दुसरा चालक मागितला होता. खाली आम्ही दोघांनी सह्या केल्या. खालांनी अंगठा दिला.

कायदा या बाबतीत संदिग्ध नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम १८४ धोकादायक वाहन चालवण्याबद्दल आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात स्पष्टच लिहिले आहे की लाल दिवा तोडणे, हातात मोबाइल घेऊन चालवणे, नियम मोडून पुढे घुसणे आणि वाहतुकीच्या उलट दिशेने जाणे हे सगळे धोकादायक चालवणे आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. म्हणजे अपघात होण्याची वाट पाहावी लागत नाही. दुसरा कायदा आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नसतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाचे काम दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास असे बांधून दिले होते, आणि मोटार वाहन कायद्यानेही त्याचाच दाखला दिला होता. आमच्या चालकाचा त्या दिवसाचा हिशेब कोणीही बोटांवर करावा.

दुसरा चालक महाडहून यायला दीड तास गेला. तोवर पूर्वेला उजाडत आले. रस्त्याकडेच्या हॉटेलवाल्याने पाण्याचा नळ दाखवला आणि मागच्या अंगणात चटई टाकली. आम्ही सात-आठ जणांनी फजर अदा केली. चालक पोरगा बाकावर आडवा झाला होता. जमात उभी राहिली तेव्हा कोणी त्याला उठवले नाही, आणि नंतरही कोणाला ते धाडस झाले नाही. इतकी गाढ झोप आम्ही लहान मुलांच्या बाहेर फारशी पाहिलेली नाही. नंतर तो उठला आणि एकट्याने नमाज पढून गाडीच्या मागच्या सीटवर गुपचूप बसला. आमच्याकडे त्याने पाहिले नाही.

कशेडीचा बोगदा झाल्यापासून घाटातला पाऊण तास काही मिनिटांवर आला आहे. बोगद्यापलीकडे रत्नागिरी जिल्हा लागतो. उजेडात खेडजवळची जगबुडी आली. या नदीच्या जुन्या पुलावरून १९ मार्च २०१३ च्या पहाटे गोव्याहून मुंबईला निघालेली एक खासगी आरामबस कठडा तोडून खाली पडली आणि ३७ माणसे गेली. पहाटेची वेळ, रात्रभराचे चालवणे, अरुंद पूल. त्या बसमध्ये कोणाला काय दिसले होते, हे सांगणारे फार थोडे उरले. आज तिथे नवा पूल आहे. आमची गाडी त्यावरून सावकाश गेली आणि पोलादपूरपासून कुरकुरणारे गृहस्थ त्या पुलावर मात्र गप्प होते.

गावात आमच्या आधी बातमी पोहोचली होती. मांडवात कोणी म्हणाले, "पोलीसवाले आले." हसण्यावारी नेले, पण त्यात काटा होता. मुलाच्या चुलत्याने आमचा सलाम घेतला आणि पाठ वळवली. निकाह झाला, दावत झाली. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघे त्या पोराच्या घरी गेलो. मालकाने त्याला दहा दिवस घरी बसवले होते. त्याच्या आईने पाणी दिले आणि दारातच उभ्या राहून विचारले, "रस्त्यावर हजार गाड्या असतात. माझ्या पोराचाच नंबर दिसला तुम्हाला?"

या प्रश्नाला आमच्याकडे असे उत्तर नव्हते की ज्याने त्या माउलीचे समाधान व्हावे. दहा दिवसांची कमाई म्हणजे त्या घरातला अर्ध्या महिन्याचा किराणा. आम्ही एवढेच म्हणालो, "आपा, नंबर दिसला कारण आम्ही त्याच्याच गाडीत होतो. तो वाचावा असं आम्हालाही वाटत होतं." त्या काही बोलल्या नाहीत. पोरगा आतून बाहेर आला आणि म्हणाला, "दोन दिवस नुसता झोपलो." ते आईला उद्देशून होते की आम्हाला, ते कळले नाही.

तिथून आम्ही जमातीच्या दोन बुजुर्गांना घेऊन मालकाकडे गेलो. त्यानेही आपली बाजू मांडली, आणि ती अगदीच पोकळ नव्हती. दुसरा चालक ठेवला तर तिकीट शंभर रुपयांनी वाढते, आणि शंभर रुपये वाढले की हीच माणसे दुसऱ्या गाडीत बसतात. एक बुजुर्ग म्हणाले, "म्हणजे त्या पोराची झोप आपण सगळे मिळून शंभर रुपयांना विकत घेत होतो." पोराला पाचव्या दिवशी कामावर घेतले गेले. मे महिन्यापुरता मालकाने रात्रीच्या गाडीवर दुसरा माणूस दिला. गणपतीच्या आणि ईदच्या हंगामात काय करणार, ते त्याने सांगितले नाही. जमातीने मात्र मुंबईतल्या आपल्या लोकांना निरोप धाडला की जागा राखताना भाड्याच्या आधी एक प्रश्न विचारा: रात्रीच्या गाडीवर चालक किती?

या सगळ्यात आम्हाला सर्वांत जास्त बोचलेला शब्द 'चुगली' हा होता. गाडीत आणि मांडवात तो दोन-तीनदा कानावर आला. आपल्या घरांत लहानपणापासून शिकवले जाते की दुसऱ्याचा ऐब झाकावा, पाठीमागे बोलू नये. शिकवण खरीच आहे. पण त्याच शिकवणीत रस्त्याचाही हक्क सांगितला आहे. रस्त्याच्या कडेला बसणाऱ्यांना हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांनी रस्त्याचा हक्क अदा करायला सांगितला, आणि तो समजावताना नजर खाली ठेवणे व सलामाचे उत्तर देणे यांच्याबरोबर कुणाला इजा न होऊ देणे, भल्याचे सांगणे आणि बुऱ्याला अडवणे हेही सांगितले. जहाजाचा दाखलाही आपल्याला ठाऊक आहे. खालच्या मजल्यावरचे लोक पाण्यासाठी तळाला भोक पाडू लागले आणि वरच्यांनी त्यांचा हात धरला नाही, तर दोघेही बुडतात. सतरा आसनांच्या गाडीला खालचा-वरचा मजलाही नसतो.

गीबत कुठे संपते आणि गवाही कुठे सुरू होते, याचा विचार इमाम नववी यांनी 'रियाजुस्सालिहीन'मध्ये केला आहे. अन्याय थांबवू शकणाऱ्याकडे दाद मागणे आणि लोकांना धोक्यापासून सावध करणे, या गोष्टी त्यांनी गीबतीतून वगळल्या आहेत. त्या रात्रीच्या गाडीला हे माप लावून पाहा. गावाच्या ग्रुपवर गेलेल्या चित्रफितीने गाडीचा वेग एका मैलानेही कमी झाला नाही, पण एका पोराची बदनामी दोनशे मोबाइलमध्ये कायमची राहिली. ११२ वरच्या एका मिनिटाच्या फोनमध्ये त्या पोराचे नावही नव्हते, फक्त नंबर होता, आणि गाडी थांबली. जो थांबवू शकतो त्याला सांगणे ही गवाही. जो थांबवू शकत नाही त्याला रंगवून सांगत बसणे ही गीबत. आपण पहिलीला घाबरतो आणि दुसरी बिनदिक्कत करतो.

पोलीस काही करत नाहीत, ही तक्रार आम्हीही अनेकदा ऐकली आहे आणि ती प्रत्येक वेळी खोटी असते असे नाही. पण न सांगितलेल्या गोष्टीवर कोणीच काही करू शकत नाही, हे तर नक्की. सांगताना मात्र नीट सांगावे. नंबर, जागा, दिशा, वेळ आणि डोळ्यांनी दिसले तेवढेच. "पिऊन चालवतोय" असे अंदाजाने म्हणू नये, "गाडी दोन्ही बाजूंना झोकांड्या देते" असे म्हणावे. माणगावच्या पुढे की लोणेऱ्याच्या अलीकडे, हे सांगता आले नाही तर मैलाचा दगड किंवा पेट्रोलपंपाची पाटी पाहावी. आपण स्वतः चालवत असू तर फोन शेजारच्याने करावा, नाहीतर गाडी बाजूला घेऊन करावा. बेफाम गाडीचा पाठलाग करू नये, तिला आडवे जाऊ नये, तिच्याजवळून दूर व्हावे. ११२ वर माहिती देणे म्हणजे फिर्यादी होणे नव्हे. आणि दुश्मनी काढण्यासाठी कोणाच्या गाडीचा नंबर देणे, हा मात्र खोट्या गवाहीचाच प्रकार आहे.

आणखी एक भीती लोकांच्या मनात जुनी आहे, की अपघाताजवळ गेलो तर आपणच अडकू. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जखमींना मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीने ते संरक्षण मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ म्हणून आले. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही. हे घरातल्या प्रत्येक तरुणाला ठाऊक असावे.

आता घरातल्या चाव्यांबद्दल. आपल्या कोकणातल्या किती घरांत बाप दम्माम, कुवेत किंवा मस्कतला असतो आणि अंगणात त्याने पाठवलेल्या पैशांची मोटरसायकल उभी असते. ती चालवतो सोळा वर्षांचा मुलगा. बाप तिकडे पट्टा लावल्याशिवाय गाडी सुरू करत नाही, कारण सौदीत २०१० पासून साहेर कॅमेरे रस्त्यावर बसले आहेत आणि दंड पगारातून जातो. तोच बाप सुट्टीवर आला की भरणे नाक्यावर उलट्या दिशेने गाडी घालतो आणि मुलगा मागे बसून ते शिकतो. तिकडे कॅमेरा पाहतो, इकडे कोण पाहतो? इकडे मुलगा पाहतो.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या महागड्या गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, तेव्हा सगळा महाराष्ट्र श्रीमंतांच्या पोरांवर तुटून पडला. पण कलम १९९अ श्रीमंत-गरीब पाहत नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. शेजारच्या मुलाची तक्रार पोलिसांत करावी का, असा प्रश्न आम्हाला गावात एका भगिनीने विचारला. आमचे मत असे पडले की आधी त्याच्या आईला सांगावे, एकदा, दाराआड, चारचौघांत नव्हे. तिने ऐकले नाही तर जमातीतल्या वडीलधाऱ्याला सांगावे. त्यानंतरही तो शाळा सुटायच्या वेळी त्याच रस्त्याने भरधाव जात असेल, तर पोलिसांना सांगावे आणि संकोच करू नये. क्रम असा आहे, कारण आईच्या हातात चावी आहे. पण चालत्या गाडीत झोपणाऱ्या चालकासमोर एवढ्या पायऱ्यांना वेळ नसतो. तिथे माणगावचा चहा ही पहिली पायरी आणि लोणेऱ्याचा फोन ही शेवटची.

पुन्हा हंगाम येईल. मुंब्र्याच्या नाक्यावर गाड्या लागतील, टपावर गाठोडी चढतील, आहेराची भांडी सीटखाली जातील. गाडीत पाय ठेवण्याआधी चालकाला सलाम करा आणि विचारा, बेटा, कधी झोपलास? आत बसल्यावर सफरची दुआ पढा. आणि बसण्याआधी गाडीचा नंबरही वाचून ठेवा.